माझ्या नावाची हरकत

मंगळवारी सकाळी साडेदहाला दाराची बेल वाजली तेव्हा मी मटार सोलत बसले होते. दारात पंचेचाळिशीची एक बाई उभी होती. केस मागे घट्ट बांधलेले, कानात सोन्याच्या मोठ्या रिंगा, हातात एक छापील कागद. फाटकाबाहेर एक उंच पिकअप उभा होता. त्याच्या पुढच्या सीटवर एक म्हातारी बाई काच खाली करून माझ्याकडे टक लावून पाहत होती.

"मिसेस सहस्रबुद्धे?" दारातल्या बाईने विचारलं. आडनाव तिने तुकडे करत, पण पूर्ण म्हटलं. या देशात मी चोपन्न वर्षं काढली. इतकं पूर्ण म्हणण्याचे कष्ट घेणारी माणसं मला बोटांवर मोजता येतील.

"हो, मीच."

"मधुमती? सिस्टर होता तुम्ही? बाळंतपणं करायचात?"

"करायचे. रिटायर होऊन वीस वर्षं झाली. का गं?"

ती हसली नाही. "मग हे तुम्हीच लिहिलंय," असं म्हणून ती दारातच वाचायला लागली.

कौन्सिलच्या वेबसाइटवरून काढलेला कागद होता तो. वर क्रमांक, दोनशे सतरा. खाली माझं नाव आणि आमची गल्ली, ऑर्चर्ड क्लोज. "मी सत्त्याहत्तर वर्षांची विधवा आहे. आमच्या मागच्या शेतात जिप्सींचा तळ झाला तर मला घराबाहेर पडायची भीती वाटेल. या लोकांच्या राहणीत स्वच्छता नसते. कचरा, आवाज, मोकाट कुत्री यांचा आम्हाला त्रास होईल. माझ्या पतींनी तीस वर्षं डॉक्टर म्हणून या गावाची सेवा केली. त्यांनाही हे पटलं नसतं."

माझ्या हातात मटाराची एक शेंग होती. ती तशीच राहिली.

आमच्या गल्लीच्या मागे एक पडीक शेत आहे. कौन्सिलने जिप्सी आणि ट्रॅव्हलर या भटक्या कुटुंबांच्या सहा कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे चाकांवरच्या घरांसाठी, ती जागा सुचवली होती, आणि त्यावर गावाचं म्हणणं मागवलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत मुदत होती. एवढं मला माहीत होतं, कारण गल्लीतल्या प्रत्येक खिडकीत लाल अक्षरांची पोस्टर लागली होती. आमच्या खिडकीतही लागलं होतं. मी ते काढायला सांगितलं, तर सूनबाई म्हणाली, "असू दे हो आई, सगळ्यांकडे आहे." आणि मी ते असू दिलं. ती माझी पहिली चूक.

"आई म्हणाली, ही ती असूच शकत नाही," ती बाई म्हणाली. "मी म्हटलं, आई, या नावाच्या दोन बायका इंग्लंडात असतील का?" तिने खिशातून एक पिवळं पडलेलं कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. रोझेना पेनफोल्ड. जन्म २४ जानेवारी १९७९. सात पौंड दोन औंस. खाली माझी सही, अख्खी, तेव्हाच्या माझ्या गोल अक्षरात.

"हे मी लिहिलेलं नाही," मी तिच्या दुसऱ्या हातातल्या कागदाकडे बोट दाखवून म्हटलं.

"नाव तुमचं आहे."

"नाव माझं आहे. लिहिलं मी नाही."

"मग कुणी लिहिलं?"

कुणी लिहिलं ते मला त्याच क्षणी कळलं होतं. काठी घेतली आणि पिकअपपाशी गेले.

"सिस्टर," गाडीतली म्हातारी म्हणाली, "किती गं म्हातारी झालीस."

"तू काय कमी झालीस, ब्रिटानिया?"

ब्रिटानिया हेच तिचं नाव. त्यांच्यात ठेवतात असं नाव. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, पण चेहरा मेणासारखा फिकट झाला होता. डाव्या हाताची बाही वर सरकली होती आणि कोपराखाली जाड, फुगलेली शीर दिसत होती. चाळीस वर्षं नर्सिंग केलेल्या बाईला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

"डायलिसिस?"

"आठवड्यातून तीनदा. हॉस्पिटलची गाडी न्यायला येते. पण गाडीला पत्ता लागतो ना. ईस्टरपासून चार वेळा हलवलं आम्हाला. दोनदा गाडी जुन्या जागी जाऊन परत गेली." तिने दम घेतला. "ते शेत मिळालं तर मला पत्ता मिळेल, सिस्टर. आयुष्यात पहिल्यांदा." मग तिने मला विचारलं, अगदी हळू, "माझ्या घरात तुला घाण दिसली होती का गं?"

मी मटार सोलायला परत गेले नाही. संध्याकाळपर्यंत ते टेबलावर तसेच पडून होते.

एकोणऐंशीचा तो जानेवारी ज्यांनी पाहिला त्यांच्या हाडांत तो अजून आहे. आठवडाभर बर्फ पडत होता. दगडाच्या जुन्या खाणीपाशी, रस्त्याच्या कडेला जिप्सींचे राहते तीन ट्रेलर उभे आहेत आणि एकीला कळा सुरू झाल्या आहेत, असा निरोप आला. सकाळचे आठ वाजले होते. मी माझी छोटी मॉरिस गाडी घेऊन निघाले आणि शेवटचा पाऊण मैल बॅग डोक्यावर घेऊन चालत गेले.

आत शिरले आणि दारातच थांबले. आरशासारखं लखलखीत होतं सगळं. काचेच्या कपाटात चिनी मातीच्या बशा, पितळी कड्या घासलेल्या, पडद्यांना इस्त्री. आणि ओट्यावर तीन स्टीलची पातेली ओळीने पालथी घातलेली. ब्रिटानियाची सासू दारात हात कमरेवर ठेवून उभी होती. आदल्या आठवड्यात तपासायला दुसरी मिडवाइफ आली होती. तिने कपबशा धुवायच्या पातेल्यात हात धुतले. तिची पाठ वळताच सासूने ते पातेलं बाहेर नेऊन कुऱ्हाडीने चेचलं होतं. आता ही काळी बाई काय करते, ते ती बघत होती.

मी हात पुढे धरून विचारलं, "हात धुवायचं पातेलं यातलं कुठलं?"

सासूने हात कमरेवरून काढले. "हे भांड्यांचं. हे भाजीचं, हे मांसाचं. ते बाहेरचं अंगाचं." आणि बाहेरचं पातेलं गरम पाण्याने भरून तिने स्वतः आणलं. कपडे धुवायचं आणखी वेगळं. या बाबतीत जो चुकतो त्याला ते मोकडी म्हणतात. त्या शब्दाला इंग्रजीत प्रतिशब्द नाही. मराठीत आहे, ओवळं.

सांगलीला माझ्या आईचं सोवळं कडक. पिण्याच्या पाण्याच्या हंड्याला अंगाचा हात लागला तर ती सगळं पाणी ओतून द्यायची. मी त्या सोवळ्याला लग्न होईपर्यंत नावं ठेवली, आणि आजही ठेवते. कारण त्याच सोवळ्यासाठी आमच्या मागच्या दाराशी येणाऱ्या बाईला वरून पाणी घातलं जायचं. ब्रिटानियाच्या ट्रेलरमध्ये मात्र कुणाला बाहेर ठेवायचं नव्हतं. कुठलं पाणी कशाचं, एवढाच हिशेब होता. मला तो पाच मिनिटांत कळला, कारण आईने चपराक मारून मारून शिकवला होता. त्या घरात रोझेना जन्मली. त्यानंतर त्या लोकांच्या वाहनांतून मी आणखी दहा बाळंतपणं केली. त्यांच्यात निरोप फिरायचा, की पातेलं विचारणाऱ्या सिस्टरला बोलवा.

आणि माझ्या नावावर लिहिलं होतं, की या लोकांच्या राहणीत स्वच्छता नसते.

मिलिंद सहाला घरी आला. माझा एकुलता एक मुलगा. जन्म इथला, वय पन्नास, विमानांच्या इंजिनांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. माझा नवरा जयंत गेल्यापासून मी मिलिंदच्याच घरी राहते, म्हणजे आमच्या जुन्याच घरात, फक्त आता ते त्याचं आहे. मी कागद टेबलावर मटारांशेजारी ठेवला.

"हे काय?"

त्याने पाहिलं. चेहरा जरासुद्धा बदलला नाही, याचाच मला जास्त संताप आला. "ओह. ते कन्सल्टेशनचं. हो, मी टाकला."

"माझ्या नावाने?"

"अगं आई, तुझे सगळे फॉर्म मीच भरतो ना? पासपोर्ट, बसपास, फ्लूची अपॉइंटमेंट. मला वाटलं, त्यात हा एक."

"बसपासच्या फॉर्मवर माझी जन्मतारीख असते. यावर माझं मन आहे."

"घरातल्या प्रत्येक अ‍ॅडल्टचा वेगळा काउंट होतो. आपल्या रेसिडेंट्स असोसिएशनच्या ग्रॅहमने सगळ्यांना सांगितलं, एका घरातून जेवढे जास्त तेवढे बरे. लेटर माझा नव्हता, ग्रॅहमचा टेम्प्लेट होता. मी फक्त तुझा एज आणि बाबांचं टाकलं. जरा पर्सनल वाटावं म्हणून."

पर्सनल. हा मुलगा लहानपणी एकदा माझ्याबरोबर खाणीपाशी आला होता. ब्रिटानियाच्या नवऱ्याने त्याला घोड्यावर बसवलं होतं, आणि परत येताना गाडीत तो मला सांगत होता, की मोठेपणी मी तिथेच राहणार.

स्वाती, सूनबाई, ओट्यापाशी उभी होती. ती पुण्याची, लग्न होऊन इथे आली. सहसा ती आम्हा मायलेकांच्या मध्ये पडत नाही. "अहो आई," ती म्हणाली, "त्या बायकांबद्दल काही नाहीये. पण उद्या घर विकायचं झालं तर? आणि निधी युनिव्हर्सिटीतून उशिरा येते, त्या शेतावरून चालत..." निधी म्हणजे माझी नात.

"स्वाती, तुला माहितीये हे घर आम्ही कसं घेतलं ते?"

"आई, आता ते परत नको," मिलिंद म्हणाला.

"परत नको कसं? शहात्तर साली आम्ही हे घर बघून गेलो आणि दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या पाच घरांनी एजंटला पत्र दिलं. मला एजंटने ते दाखवलं होतं, गंमत म्हणून. आमची कुणाबद्दल तक्रार नाही, असं सुरुवातीलाच होतं त्यात. मग मसाल्यांचा वास, मग घरात दहा-दहा माणसं राहतात, मग घरांच्या किमती. समोरच्या मिसेस हॉबसनची सही सगळ्यात वर होती. पुढे वीस वर्षं ती बाई मला घरी केलेलं, लिंबाच्या मुरंब्यासारखं लेमन कर्ड आणून द्यायची. मी घ्यायचे. खाल्लं एकदाही नाही."

"दॅट्स डिफरंट. आपण डॉक्टर फॅमिली होतो. आपण टॅक्स भरत होतो."

"ते पत्र लिहिणाऱ्यांना काय माहीत होतं आपण काय होतो?"

तो ऐकत नव्हता. मी दमून थांबायची वाट बघत होता. बापाची सवय.

"मी ते परत घेणार," मी म्हटलं. "गुरुवारी हॉलमध्ये कौन्सिलची माणसं बसणार आहेत ना, तिथे जाऊन."

आता त्याचा चेहरा बदलला. "आई, प्लीज. मी असोसिएशनचा व्हाइस-चेअर आहे. पुढच्या वर्षी मे मध्ये गावच्या पॅरिश कौन्सिलच्या निवडणुकीला उभं राहायचं मला स्वतः ग्रॅहमने विचारलंय. पन्नास वर्षांत या गावाने आपल्याला कधी काही विचारलं का?" मग आवाज उतरवून म्हणाला, "घे परत. पण म्हण, की माझा मत बदलला. एवढं तर म्हणशील ना?"

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. त्याचा राग होता, पण सगळा राग त्याच्यावरच होता असं लिहिलं तर ते खोटं होईल. बाबांनाही पटलं नसतं, हे जे त्याने लिहिलं होतं ना, ते खरं होतं.

जयंत चांगला डॉक्टर होता. माणूसही वाईट नव्हता. पण ऐंशी साली ब्रिटानिया रोझेनाला घेऊन, बाळाच्या छातीत घरघर होती म्हणून, त्याच्या दवाखान्यात गेली, तेव्हा काउंटरवरच्या बाईने सांगितलं, नवीन पेशंटची यादी भरली. यादी भरलेली नव्हती. त्याच आठवड्यात नव्या वसाहतीतली चार कुटुंबं घेतली होती. मी घरी येऊन जयंतला विचारलं. तो म्हणाला, "मधू, आपणच इथे कसेबसे टिकलोय. ते लोक वेटिंग रूममध्ये दिसले तर बाकीचे येणार नाहीत." मी एकदा विचारलं. एकदाच. मग कणीक मळायला घेतली. रोझेनाला घेऊन ब्रिटानिया अठरा मैलांवरच्या हॉस्पिटलात गेली, ते मला नंतर दुसऱ्या सिस्टरकडून कळलं. बाळ वाचलं. माझ्या मळलेल्या कणकेमुळे नव्हे.

गुरुवारी मी बसने गेले. मिलिंद म्हणाला होता, मी सोडतो, पण मला त्याच्या गाडीत बसायचं नव्हतं.

गावच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं असतील. एका बाजूला कौन्सिलचे नकाशे, त्यात आमच्या मागचं शेत पिवळ्या रंगाने भरलेलं. दुसऱ्या बाजूला असोसिएशनने स्वतःचा फलक लावला होता. त्यावर मधोमध, मोठ्या टाइपात, चौकटीत, काय असावं? माझं पत्र. वर लिहिलं होतं, "एका वयोवृद्ध रहिवासी महिलेचे शब्द." नाव गाळलं होतं. मला वाटतं ते आडनाव त्यांना तिथे शोभलं नसतं.

"मिसेस एस!" ग्रॅहमने हात पसरले. हा असोसिएशनचा अध्यक्ष, निवृत्त बँक मॅनेजर, अंगात कायम क्रिकेट क्लबचं स्वेटर. "तुमचं पत्र सगळ्यांच्या काळजाला भिडलं. वाचताना माझी बायको रडली."

"ग्रॅहम, ते तर तूच लिहिलंयस."

तो हसला. त्याला वाटलं, मी थट्टा करतेय.

तेवढ्यात दार उघडलं आणि हॉलमधलं बोलणं एकदम खाली आलं. रोझेना आईला धरून आत येत होती. ब्रिटानियाने गडद निळा कोट घातला होता, ब्रोच लावला होता, केस नीट बसवले होते. दारापासून खुर्चीपर्यंत दहा पावलं होती आणि त्या दहा पावलांत चाळीस माणसांमधून कुणी हात पुढे केला नाही. मी गेले. आम्ही दोघी काठीवाल्या, तिघींच्या सहा पायांवर आणि दोन काठ्यांवर खुर्चीपर्यंत पोचलो.

ग्रॅहमच्या बायकोने, आपण किती उदार ते दिसावं म्हणून, ट्रेमधून चहा आणायला घेतला. हॉलच्या कोपऱ्यात उघडं किचन आहे. तिथे तिच्या हातून आधीच थोडा चहा फरशीवर सांडला होता. तिने फरशी फडक्याने पुसली आणि ते फडकं सिंकमधल्या कपबशांच्या पाण्यात पिळलं. मग त्याच पाण्यातून कप काढला, पुसला, आणि त्यात चहा ओतला. ब्रिटानियाने ते पाहिलं. मीही पाहिलं. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही. गरज नव्हती.

"नको, बाई. थँक यू," ट्रे समोर आल्यावर ब्रिटानिया म्हणाली.

ग्रॅहमची बायको मागे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणाली, "बघितलंत? साधा चहासुद्धा घेत नाहीत आपल्याकडचा."

इतका वेळ मी आवाज चढवला नव्हता. "फरशी पुसलेलं फडकं तुम्ही कपांच्या पाण्यात पिळलंत," मी म्हटलं. "तो चहा ती घेणार नाही. मीही घेणार नाही. आणि तुम्ही त्या फलकावर लिहिलंय, की यांच्या राहणीत स्वच्छता नसते. शिका थोडी यांच्याकडून!"

कुणीतरी हसलं. बहुतेक रोझेना. मी उठून किचनमध्ये गेले, सिंक रिकामं केलं, एक कप वाहत्या नळाखाली घासून धुतला आणि नवा चहा करून ब्रिटानियाला आणून दिला. तिने घेतला. अख्खा हॉल एका म्हातारीला चहा पिताना बघत होता, जणू पाण्यातून एखादं जनावर वर आलंय.

मग मी कौन्सिलच्या टेबलाशी गेले. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली तरुण मुलगी होती. तिला मी क्रमांक सांगितला, दोनशे सतरा.

"मागे घ्यायचंय? घेता येईल. फॉर्मवर सही करा. कारण द्यायचं बंधन नाही."

"ऐकलंस?" मागून आवाज आला. मिलिंद. ऑफिसमधून अर्धी सुट्टी घेऊन आला होता. मराठीत बोलत होता, म्हणजे इतरांना कळू नये. "कारण नाही लागत, आई. नुसती सही कर. आपण घरी जाऊ."

"आणि लोक काय समजतील? म्हातारीचं मत बदललं?"

"समजू दे ना."

"मत बदलायला आधी ते कुणीतरी विचारावं लागतं, मिलिंद." मी त्या मुलीला म्हटलं, "कारण लिहायचं तर कुठे लिहू?"

तिने दुसरा कागद दिला. म्हणाली, "हे नावानिशी प्रसिद्ध होईल बरं का. आणि एक सांगते, आम्ही किती पत्रं आली ते मोजत नाही. कुणी काय कारण दिलं ते बघतो."

मला हसू आलं. म्हणजे ग्रॅहमची ती घराघरांतून चार-चार पत्रं, सगळी फुकट.

मी उभ्यानेच लिहिलं. बोटं दुखत होती, पण अक्षर नीट उमटलं. "हरकत क्रमांक २१७ माझी नाही. ती माझा मुलगा मिलिंद सहस्रबुद्धे याने मला न विचारता माझ्या नावाने पाठवली. मजकूर रहिवासी संघाने तयार केलेला आहे. मी तीस वर्षं या भागात मिडवाइफ होते आणि अकरा मुलं या कुटुंबांच्या ट्रेलरमध्ये माझ्या हातावर जन्मली. त्यांच्याइतकी स्वच्छ घरं मी या गावात फार थोडी पाहिली. माझ्या पतींबद्दल लिहिलेलं मात्र खरं आहे. त्यांनी १९८० साली यादी भरली आहे असं सांगून या कुटुंबातल्या आजारी बाळाला परत पाठवलं. यादी भरलेली नव्हती. मला ते माहीत होतं आणि मी गप्प बसले. ते बाळ आज या हॉलमध्ये आहे. तिच्या आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं आणि त्यासाठी पत्ता लागतो. ही जागा त्यांना द्यावी."

त्या मुलीने वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. "पतींबद्दलचं ठेवायचं?"

"ठेव."

मिलिंद माझ्या खांद्यावरून वाचत होता. त्याचा श्वास मला कानाशी ऐकू येत होता. "बाबांना पण, आई? बाबांना पण ओढलंस?"

"मी नाही ओढलं. पर्सनल वाटावं म्हणून त्यांना तूच त्यात घातलंस. मी फक्त खरं काय ते लिहिलं."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी आई आहे. मला ते दिसलं, आणि माझा हात वर उचलला गेलासुद्धा. पण हातात पेन होतं आणि सही राहिली होती. मी सही केली. मधुमती जयंत सहस्रबुद्धे. संपूर्ण. नोकरीत असताना बिल्ल्यावर मावत नाही म्हणून मला तीस वर्षं 'सिस्टर एस' केलं होतं. या कागदावर ते नाव बरोबर मावलं.

मग मी फलकापाशी गेले आणि माझं चौकटीतलं पत्र पिना उपटून काढलं. ग्रॅहम म्हणाला, "मिसेस एस, ही असोसिएशनची मालमत्ता आहे." मी म्हटलं, "शब्द तुझे आहेत, ते घे." कागद त्याच्या हातात दिला. वय मी स्वतःकडे ठेवलं, म्हणजे तेवढा सत्त्याहत्तरचा तुकडा फाडून घेतला. वेडेपणाच तो. पण बरं वाटलं.

परतीला मिलिंद गाडी घेऊन दारात उभा होता. मी रोझेनाच्या पिकअपकडे गेले. त्याची पायरी माझ्या गुडघ्याच्या वर होती. ब्रिटानिया आतून हात धरून ओढत होती आणि रोझेना मागून ढकलत होती.

"जोर लाव, सिस्टर!" ब्रिटानिया ओरडली. "श्वास सोड आणि जोर लाव! मला अशीच ओरडत होतीस ना?"

"तू ऐकत नव्हतीस म्हणून ओरडत होते!"

"आणि आता तू ऐकत नाहीयेस!"

मी आत पडले, अक्षरशः पडले, तिच्या निळ्या कोटावर. घरी पोचेपर्यंत आम्ही दोघी खोकत, हसत होतो. माझा राग त्या हसण्याने गेला असं मात्र कुणी समजू नये.

शुक्रवारी पाचला मुदत संपली. सोमवारी बाकीची सगळी पत्रंही वेबसाइटवर आली, माझं नवं धरून. निधीने मला कशी बघायची ते शिकवलं. कमिटी सप्टेंबरात बसणार आहे. तोपर्यंत ब्रिटानिया औद्योगिक वसाहतीमागच्या रस्त्यावर आहे आणि हॉस्पिटलच्या गाडीला तिने पत्ता म्हणून माझा दिला आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवारी रोझेना तिला सकाळी आमच्या दारात आणून सोडते. गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांमधून ते दिसतं. दिसू दे.

मिलिंद माझ्याशी कामापुरतं बोलतो. त्याला पॅरिश कौन्सिलबद्दल पुन्हा कुणी विचारलेलं नाही. त्याचं मला वाईट वाटतं. त्याच्यासाठी वाटतं, त्या खुर्चीसाठी नाही. आमच्या खिडकीतलं पोस्टर मी स्वतः काढलं. स्वातीने ते परत लावलं नाही.

मिलिंदची स्वतःची हरकत तशीच आहे. क्रमांक दोनशे पंधरा, त्याच्या नावाने, त्याच्या सहीने. ती काढ असं मी त्याला म्हटलं नाही आणि म्हणणारही नाही. ती त्याची आहे. माझं जे आहे ते आता माझ्या नावावर आहे. परवा माझा बसपास संपला, तोही फॉर्म मी बसून स्वतः भरला. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा गेला.